पासावरचा रविवार

कॉलेज सुटलं. नोकरी लागली. पहिल्या पगाराचे पेढे वाटून झाले. आणि आता रविवारी भर दुपारी तुम्ही पलंगावर पडून मोबाइल चाळत बसलाय. कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी 'भेटायला पाहिजे यार' असं लिहितं. सगळे अंगठा दाखवतात. भेट काही होत नाही. कुणी पुण्याला, कुणी बंगळुरूला. जो इथेच विरारला आहे त्याची रात्रपाळी.

असं होत असेल तर घाबरू नका. तुमचं काही बिघडलेलं नाही. कॉलेजात गंमत आयती मिळत होती. कट्ट्यावर जाऊन बसलं की माणसं असायचीच. आता ती गंमत आपली आपण शोधावी लागते, आणि हे आधी कुणी सांगत नाही.

बहुतेक मुलं इथेच अडकतात. सगळा ग्रुप जमला की बाहेर पडू, असं ठरवून बसतात. ग्रुप जमत नाही आणि वर्ष निघून जातं. कधी जमलाच, तर लोणावळ्याला एका रात्रीच्या बंगल्यावर अर्धा पगार उडतो. पुढच्या महिन्यात मग फोनचा हप्ता भरताना नाकी नऊ येतात.

माझं सांगणं एवढंच. ग्रुपची वाट बघू नका. रविवारचा अर्धा दिवस काढा, एकटे निघा, आणि आपल्याच उपनगरांत जे आहे ते बघायला लागा. तुमचा जन्म मुलुंडचा असो, नाहीतर तुम्ही लातूरहून येऊन घाटकोपरला चौघांत एक खोली केलेली असो. मी बघितलंय, जन्मापासून इथे राहणाऱ्यांनीच कमी बघितलेलं असतं.

पैशांची काळजी करू नका. ऑफिससाठी काढलेला रेल्वेचा पास रविवारीही चालतो. बोरिवली-चर्चगेट पास असेल तर मधल्या कुठल्याही स्टेशनवर उतरता येतं. तरी रोजचे कित्येक प्रवासी मधल्या स्टेशनांच्या नुसत्या पाट्या वाचत जातात. एखाद्या रविवारी जोगेश्वरीला उतरून पूर्वेला जा. तिथे सहाव्या शतकातलं लेणं आहे. वर माणसांची घरं, खाली लेणं. आत शिरलं की बाहेरचा कलकलाट एकदम कमी होतो.

फक्त मेगाब्लॉक सांभाळा. रविवारी साडेदहा-अकरानंतर गाड्या कमी होतात, काही स्लो गाड्या फास्ट मार्गावरून नेतात. आदल्या दिवशी पेपरात बघून ठेवा. सकाळी सातला घराबाहेर पडलात तर त्याची झळ लागत नाही.

सुरुवात कुठून करायची, असं विचाराल तर मी कान्हेरी सांगेन. बोरिवली पूर्वेला उतरा, चालत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दरवाजाशी या. तिथून लेणी पाच-सहा किलोमीटर आत आहेत. आत जायला बस मिळते, भाड्याने सायकलीही मिळतात. पाय धडधाकट असतील तर जाताना चालत जा, येताना बसने या. वाघ-सिंहांची सफारी बघायची तर बघा. पण ती बघून लेण्यांकडे न जाता परत फिरणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

कान्हेरीत शंभरावर लेणी आहेत. इसवी सनाच्या आधीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास खोदायला सुरुवात झाली, ती जवळपास हजार वर्षं चालू होती. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाबाहेर बुद्धाच्या दोन मोठ्या उभ्या मूर्ती आहेत. फोटो सगळे तिथेच काढतात. तुम्ही तिथे थांबू नका. वर चढा. भिक्षूंच्या खोल्या बघा. बऱ्याच खोल्यांत झोपायला दगडाचा ओटा आहे, बाहेर बसायला बाक आहे. चौघांत एक खोली करून राहणाऱ्याला त्या खोल्या पटकन ओळखीच्या वाटतील!

खोल्यांच्या शेजारी पाण्याची टाकी बघा. डोंगरावरचं पावसाचं पाणी खडकात कोरलेल्या पन्हळींतून या टाक्यांत आणलेलं आहे. नळाला पाणी कधी येतं यावर ज्यांच्या घरात सकाळ ठरते, त्यांनी ही टाकी जरा निवांत बघावीत. भिंतींवर ब्राह्मी लिपीत देणगीदारांचे लेख आहेत. कल्याणचे, सोपाऱ्याचे, नाशिकचे व्यापारी आणि कारागीर त्यांत येतात. सोपारा म्हणजे आपलं आजचं नालासोपारा. दोन हजार वर्षांपूर्वीही तिकडून माणसं बोरिवलीच्या डोंगरापर्यंत येत होती, हे कळलं की विरार लोकलमधली गर्दी थोडी वेगळी दिसते.

तिथे जाताना चार गोष्टी पाळा. पाणी घ्या. खाऊची पिशवी उघडी धरू नका, माकडं हिसकावून नेतात. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ येतं, चप्पल घालून चढू नका आणि ओढ्याच्या वाहत्या पाण्यात बसू नका. उद्यानात बिबटे आहेत, तेव्हा अंधाराच्या आत बाहेर या. मुलींनी वरच्या लेण्यांकडे रविवारी सकाळीच जावं. तेव्हा माणसांची वर्दळ असते.

अंधेरीकरांना एवढं लांब जायचं नसेल तर पश्चिमेला गिल्बर्ट हिल आहे. सुमारे दोनशे फूट उंच, सरळसोट काळा खडक, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पायऱ्या चढून वर गावदेवीचं देऊळ लागतं. वरून अंधेरीच्या इमारतींचं रान दिसतं. आपली खोली कुठली ते शोधत बसायला बरं वाटतं.

आता पोटाकडे येऊ. घाटकोपर पूर्वेची खाऊगल्ली तुम्हाला ठाऊक असेलच, तिच्याबद्दल मी वेगळं काय सांगणार? डोशावर इतकं चीज कशाला, एवढंच म्हणेन. पण पावसाळ्यात बोरिवली किंवा मुलुंडच्या मंडईत एखादी फेरी मारा. आदिवासी बायका रानभाज्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसलेल्या असतात. पावसाच्या तोंडावर शेवळं येतात. मग टाकळा, कुर्डू, कंटोली. एक जुडी घ्या. भाव करत बसू नका. कशी करायची, ते त्या मावशींनाच विचारा. त्या आनंदाने सांगतात, आणि पुढच्या आठवड्यात तुम्हाला ओळखतात.

या ओळखीची किंमत नव्या जागी राहायला आल्यावर कळते. अख्ख्या आठवड्यात कामाशिवाय कुणी आपल्याशी बोललेलं नसतं. अशा वेळी 'मागच्या वेळची भाजी जमली का?' एवढं कुणी विचारलं तरी जीव सुखावतो.

पहिल्यांदा कंटोली करा. चिरायची, कांद्यावर परतायची, झाली. शेवळं मात्र अंदाजाने करू नका. ती खाजतात. त्यांत काकडाची फळं किंवा चिंच घालावी लागते. आणि रानातून स्वतः काही तोडून आणू नका. ओळख नसताना भाजी समजून भलतंच पोटात जाईल.

समुद्र हवा असेल तर वर्सोव्याला जा. मुलुंड-घाटकोपरच्या माणसाला एके काळी अंधेरी म्हणजे परगाव वाटायचं. 2014 सालच्या जूनमध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि आता वीस-पंचवीस मिनिटांत माणूस पूर्वेकडून पश्चिमेला पोचतो. वर्सोव्याच्या जेट्टीवरून मढला फेरीबोट जाते. काही मिनिटांचाच प्रवास आहे. बोटीत स्कूटर, भाजीच्या पिशव्या, शाळेची पोरं, सगळं एकत्र असतं. पावसाळा सोडून गेलात तर बांबूंच्या दांड्यांवर बोंबील वाळत घातलेले दिसतील. वास सोसवत नसेल तर नाकाला रुमाल लावा, पण कोळीवाड्यात तोंड वाकडं करू नका. ते त्यांचं घर आहे.

पावसाळ्यात मात्र समुद्रात उतरू नका. भरतीच्या वेळा पेपरात छापून येतात, त्या वाचा. पोहता येणारी तरुण मुलंही जुहू-वर्सोव्याला दरवर्षी बुडतात. लाटेत उभं राहून फोटो काढायची हौस घरच्यांना फार महाग पडते.

मुलुंडकरांनी हिवाळा ते मे या दिवसांत ठाण्याच्या खाडीकडे लक्ष ठेवावं. तिथे रोहित पक्षी उतरतात, हजारोंनी. 2022 साली या खाडीतल्या अभयारण्याला रामसर स्थळाचा जागतिक दर्जा मिळाला. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने जाता येतं. भरती-ओहोटी बघून बोट सुटते, म्हणून आधी नाव नोंदवा.

बाहेर फिरायचा कंटाळा असेल तर नाटकाला जा. बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे, पार्ल्याला दीनानाथ मंगेशकर, मुलुंडला कालिदास. बाल्कनीचं तिकीट काढा. शेजारी एखाद्या आजी बसतील आणि मध्यंतरात स्वतःहून गप्पा सुरू करतील.

रोजच्या गाडीबद्दलही सांगतो. रोज तीच गाडी आणि तोच डबा पकडा. महिनाभरात चेहरे ओळखीचे होतात, मग कुणी बॅग मांडीवर घेतं, कुणी 'बसा थोडा वेळ' म्हणून उठतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला हार-तोरणं बांधून पूजा होते. तेव्हा कोपऱ्यात उभे राहू नका. वर्गणी द्या, प्रसाद वाटायला लागा. पण दारात लटकू नका. एक गाडी सुटली तर दहा मिनिटं उशीर होईल, एवढंच.

दोन शब्द आईवडिलांसाठी. तुमचा मुलगा किंवा मुलगी रविवारी सकाळी एकटी निघाली, तर 'एकटीच कुठे? मैत्रिणी नाहीत का?' असं दारातच अडवू नका. कुठे जाणार आणि कधी येणार, एवढं विचारा. डबा द्या. परत आल्यावर काय बघितलं ते ऐका. कदाचित पुढच्या वेळी तुम्हालाही घेऊन जातील.

आणि मुलांनो, तुम्ही सगळं एकाच महिन्यात उरकायला जाऊ नका. एक जागा आवडली तर तिथेच पुन्हा जा. दर वेळी फोटो टाकलेच पाहिजेत असं नाही. जुन्या मित्रांपैकी एकालाच फोन करा, ग्रुपवर विचारू नका. 'मी साडेसातला बोरिवली पूर्वेला तिकीट खिडकीजवळ आहे, येतोस का?' असं थेट विचारा. आला तर आला. नाही आला तर तुम्ही पुढे व्हा.

या रविवारी कान्हेरीला जायचं ठरवलंत, तर शनिवारीच बाटली भरून ठेवा आणि गजर लावा. आळस करून सोमवारच्या सुट्टीवर ढकलू नका. सोमवारी उद्यान बंद असतं.