‘ताठ बस’ म्हणण्यापूर्वी

‘अरे, पोक काढून काय बसलास? ताठ बस!’ हे वाक्य वर्गात कधीच ऐकले नाही, असा विद्यार्थी सापडणे कठीण. हुकूम सुटताच पाठ ताठ होते आणि पाच मिनिटांत पुन्हा वाकते. मग मुलाला आळशी ठरवले जाते. पाठीच्या स्नायूंची बाजू मात्र कोणी ऐकत नाही. ती आज मांडतो.

विद्यार्थिमित्रांनो, दोन्ही खांदे मागे ओढून पाहा. पाठीच्या मध्यभागी काहीतरी आवळल्यासारखे वाटते ना? तेथे कणा आणि फरा यांच्यामध्ये ऱ्हॉम्बॉइड नावाचे स्नायू असतात. फरा म्हणजे खांद्यामागचे, कंपासपेटीतल्या गुण्यासारखे त्रिकोणी हाड. प्रत्येक बाजूला एक लहान व एक मोठा, असे हे दोन स्नायू. लहान स्नायू मानेच्या सातव्या व छातीच्या पहिल्या मणक्यापासून निघतो, तर मोठा छातीच्या दुसऱ्या ते पाचव्या मणक्यांपासून. दोन्ही तिरपे खाली उतरून फऱ्याच्या कण्याकडील कडेला चिकटतात. त्यांचा आकार तिरक्या चौकोनासारखा आहे. ‘ऱ्हॉम्बस’ म्हणजे समभुज चौकोन. त्यावरूनच हे नाव पडले. त्यांच्यावर ट्रॅपिझियस हा रुंद स्नायू पसरलेला असल्याने ते बाहेरून दिसत नाहीत.

गंमत अशी, की फऱ्याचा बरगड्यांशी हाडांचा सांधा नाही. धडाच्या सांगाड्याशी त्याला जोडणारे हाड एकच, गळ्याखालचे आडवे हाड. बाकी सारी भिस्त स्नायूंवर. ऱ्हॉम्बॉइड स्नायू फऱ्याला कण्याकडे व थोडे वर ओढतात आणि इतर स्नायूंच्या साथीने बरगड्यांना लगटून धरतात. रस्सीखेच असो, विहिरीचा रहाट असो की धनुष्याची दोरी, जेथे ओढायचे तेथे हे हजर!

आता बाकाचा विचार करा. वहीवर वाकून हात पुढे गेले, की फरे बाहेर सरकतात आणि हे स्नायू ताणलेले राहतात. ‘ताठ बस’ म्हटले की तेच स्नायू आवळून धरावे लागतात. जोराने सतत आवळलेल्या स्नायूत रक्ताचा प्रवाह अडतो आणि तो थकतो. आवळणे व सैल होणे हा स्नायूचा धर्म आहे. म्हणून पाच मिनिटांनी वाकणारी पाठ आळशी नसते, थकलेली असते.

मग पोक काढूनच बसावे काय? तसे नव्हे. पण कितीही चांगली बैठक तासभर न हलता धरली, तर तीही त्रासाचीच.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की शाळांनी हुकूम कमी करावेत आणि हालचाल वाढवावी. प्रत्येक तासाच्या शेवटी मुलांना दोन मिनिटे उभे राहू द्यावे. बाके मुलांच्या उंचीला साजेशी असावीत. आणि परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला देऊन टाकण्याची प्रथा बंद व्हावी. ज्या तासाला मुले दोर ओढतात, सिंगलबारवर अंग उचलतात, तो तास वाया गेलेला नसतो.

मित्रांनो, तुम्हीही त्या तासाला झाडाखाली गप्पा मारत बसू नका. हक्काचा तास मागायचा, तर तो वापरलाही पाहिजे!