काठी आणि काचेची पेटी

नागपंचमीचा दिवस होता. आमच्या सौ.ने पाटावर चंदनाने नाग काढला होता, लाह्या-दुधाचा नैवेद्य झाला होता आणि चिरणे, कापणे, तळणे वर्ज्य म्हणून स्वयंपाकघरात पुरणाची दिंडे वाफवली जात होती. अशा वेळी बहिणीचा नातू डोंबिवलीहून आमच्या टेंभी नाक्यावरच्या घरी आला, तो झाकणाला भोके पाडलेला प्लास्टिकचा डबा घेऊन. डबा त्याने पाटाशेजारीच ठेवला. आत केशरी दोरीचे वेटोळे होते. दोरीने जीभ बाहेर काढली, तेव्हा पाटावरच्या नागाला नुकतेच हात जोडलेली सौ. थेट गॅलरीत जाऊन उभी राहिली!

"आजी, बिनविषारी आहे गं. कॉर्न स्नेक. अमेरिकन आहे."

"अमेरिकन असो नाहीतर कळव्याचा, आधी बाहेर ने!"

प्रकरण एका सापावर थांबणारे नव्हते. या चिरंजीवांनी आणि त्यांच्या मित्राने एक जोडी आणली होती आणि तिची पैदास करून रंगीत पिल्ले विकण्याचा बेत होता. कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. मक्याच्या कणग्यांत उंदरांच्या मागावर येणारा, स्वभावाने शांत. मूळ रंग तांबूस-केशरी, पाठीवर काळ्या कडांचे लाल डाग. विसाव्या शतकाच्या मध्यावर बर्नार्ड बेक्टेल या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने काळे रंगद्रव्यच नसलेल्या कॉर्न स्नेकची पैदास करून हा गुण मेंडेलच्या नियमाने पुढे जातो हे दाखवले, आणि हौशी लोकांना जणू रंगांची पेटीच सापडली. आज या सापाच्या नाना छटा बाजारात आहेत.

नातवाने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सोळा चौकोन आखले. काळा रंग नसलेला एक साप आणि लाल रंग नसलेला दुसरा, यांची जोडी लावली तर सगळी पिल्ले साधी निघतात. त्या पिल्लांची आपसांत जोडी लावली की सोळांमागे सरासरी नऊ साधी, तीन बिनकाळी, तीन बिनलाल आणि एक दोन्ही रंग नसलेले, म्हणजे जवळजवळ पांढरे. त्याला म्हणायचे 'स्नो'. खरा भाव त्याला. मादी एका वेळी दहा-वीस अंडी घालते, साधारण दोन महिन्यांत ती फुटतात. हिशेब चोख होता. मी नोकरीभर कर्जाचे प्रस्ताव वाचले आहेत, चोख हिशेब दिसला की मला थोडी धास्तीच वाटते.

"आणि ही नऊ साधी पिल्ले कोण घेणार?" मी विचारले.

"घेईल की कुणीतरी, आजोबा!"

हा 'कुणीतरी' माझ्या जुन्या ओळखीचा आहे. काही वर्षांपूर्वी इमू पालनाचे वारे सुटले होते, तेव्हा प्रत्येक प्रस्तावात तो असायचा. इमूचे मांस, तेल, पिसे 'कुणीतरी' घेणार होते. प्रत्यक्षात जुना इमूवाला नव्या इमूवाल्याला पिल्ले विकत होता, एवढाच तो व्यापार. २०१२ साली तमिळनाडूतल्या इरोडकडच्या योजना कोसळल्या. आपल्याकडेही अनेक शेतकऱ्यांच्या आवारात ते उंच पक्षी खुराकाचे बिल वाढवत उभे राहिले. रंगीत सापांचा बाजार मला त्याच जातीचा वाटतो. फरक इतकाच की कॉर्न स्नेक पेटीत पंधरा-वीस वर्षे जगतो. आज एकोणीस वर्षांचा असलेला हा मुलगा उद्या शिकायला परदेशी जाईल आणि फ्रीजमध्ये कोथिंबिरीशेजारी गोठवलेले उंदीर सांभाळत त्याची आई बसेल. कंटाळून कुणी ते येऊरच्या जंगलात सोडले, तर बहुतेक मरतील, आणि जगले तर परके रोग इथल्या सापांना देतील. हौसेने आणलेली लाल कानाची परदेशी कासवे ठिकठिकाणच्या तलावांत सोडून आपण हा उद्योग एकदा करून बसलो आहोत.

दुसरा प्रश्न कागदपत्रांचा. साधे बचत खाते उघडताना आम्ही माणसाची सात पिढ्यांची चौकशी करायचो. हा साप आला कुठून? "इथेच जन्मलेला आहे," नातू म्हणाला. बरे, त्याचे आईबाप? त्यावर उत्तर नव्हते. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाकडे बिस्किटे आणि केकच्या पुड्यांत दडवलेले अकरा साप सापडले. नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबरमध्ये, शोभेचे मासे म्हणून आलेल्या मालात कासवे, सरडे, साप असे सहाशेहून अधिक जीव निघाले. त्यांतले शंभराहून अधिक मेलेले होते. बॉल पायथनसारख्या, आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या प्राण्यांची आता सरकारदरबारी नोंद करावी लागते. कॉर्न स्नेक त्या करारात नाही, म्हणून पाळणाऱ्याला वाटते आपण मोकळे. पण चोरून आणलेला जीव दोन पिढ्यांनी सोवळा होतो का?

इथवर लिहिले की मी न्यायाधीशाच्या खुर्चीत बसल्यासारखा वाटेन. तिथे बसायचा मला अधिकार नाही. आमची पिढी काठीची. टेंभी नाक्याजवळच्या सिव्हिल हॉस्पिटलात पावसाळ्यात शहापूर-मुरबाडकडून सर्पदंशाचे रोगी आणलेले आम्ही पाहिले होते. भीती खोटी नव्हती, पण ती नाग-घोणस आणि धामण यांत फरक करत नव्हती. शहाऐंशी साली मी मुरबाड तालुक्यातल्या एका लहान शाखेत होतो. जुन्या व्हाउचरच्या खोलीत धामण निघाली. शिपायाने काठी उचलली आणि मी, शाखेतला शिकला-सवरलेला अधिकारी, दार धरून उभा राहिलो, ती निसटू नये म्हणून. पुढच्या वर्षी तपासणीला साहेब आले, तेव्हा त्या खोलीतल्या गठ्ठ्यांचा उंदरांनी भुगा केला होता. मला मेमो मिळाला. धामणीचा उल्लेख मी उत्तरात केला नाही, पण ते उत्तर लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर तीच होती.

म्हणून त्या दिवशी नातवाने सापाखाली ज्या हळुवारपणे हात धरला, ते पाहून मला बरे वाटले, हे कबूल करतो. हा बदल आपोआप झालेला नाही. १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे बहात्तर तास बहात्तर विषारी सापांसोबत राहिले. साप उगीच चावत नाही, हे त्यांना दाखवायचे होते. पुढे १९८६ मध्ये कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. गावोगावी सर्पमित्र तयार झाले. आज ठाण्यात साप निघाला की लोक काठी शोधण्याआधी फोन शोधतात.

पण काठी टाकल्यावर आपण थेट काचेची पेटी उचलली, मधली पायरी गाळलीच. ती पायरी म्हणजे सापाला त्याच्या जागी, त्याच्या रंगात जगू देणे. सापाचा रंग लपण्यासाठी असतो. पालापाचोळ्यात घारी-गरुडाच्या नजरेला न पडण्यासाठी निसर्गाने तो लाखो वर्षांत जुळवला. आपण त्यातला काळा काढला, लाल काढला आणि लपणाऱ्या जिवाला शोभेची वस्तू केले. बॉल पायथनच्या 'स्पायडर' नावाच्या जातीत तर सुंदर नक्षीबरोबर मान लटपटण्याचा दोषही वंशाने येतो. तरी नक्षीसाठी तिची पैदास होत राहिली. साप आवडतो, पण आहे तसा नाही, याला प्रेम म्हणावे का, हे ज्याने त्याने ठरवावे.

मी नातवाला एवढेच सांगितले: ही जोडी आता तुझी जबाबदारी आहे, मरेपर्यंत नीट सांभाळ. पण अंडी वाढवू नकोस. आणि सापांचे इतके वेड असेल तर एखाद्या जाणत्या सर्पमित्राबरोबर येऊरला जा. कॉर्न स्नेकचेच काम करणारी आपली धामण तिथे फुकट बघायला मिळते. १९७२ च्या कायद्याने ती घरी आणता येत नाही, हे तिचे भाग्य! त्याने कॅलेंडरचा कागद घडी करून खिशात ठेवला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. एकोणिसाव्या वर्षी मी तरी कुठे लगेच हो म्हणत होतो?

तो निघाला तेव्हा सौ. गॅलरीतून आत आली. स्टीलच्या डब्यात चार दिंडे भरून तिने त्याच्या हाती दिली आणि बजावले, "दोन्ही डबे वेगवेगळ्या पिशवीत ठेव. आणि तो दुसरा उन्हात धरू नकोस, जीव आहे त्यात."