सूर्याची वीज आणि जाळ्याचा तोल

अहिवाऱ्याजवळच्या नंदिनी खाणीतील चुनखडी भिलाईच्या झोतभट्ट्यांसाठी निघते. त्या भट्ट्या रात्रीही पेटत्या राहतात. सूर्य मात्र मावळतो. सौरविजेला विरोध करणे प्रतिगामीपणाचे ठरेल; प्रश्न वीजजाळ्याच्या तोलाचा आहे.

औष्णिक केंद्रांतील अवजड जनित्रांच्या फिरत्या वस्तुमानामुळे ५० हर्ट्झची वारंवारिता एकाएकी ढासळत नाही. सौरपट्ट्यांत फिरणारे काहीच नाही. शिवाय दुपारी कोरब्यासारख्या ठिकाणच्या सार्वजनिक संचांनी उत्पादन उतरवायचे आणि सायंकाळी झपाट्याने चढवायचे, ही कसरत आलीच. कोळशाच्या संचांचा किमान भार ५५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आणण्याचे नियम २०२३ साली झाले. या चढउतारात बाष्पकाच्या नळ्या झिजतात, दुरुस्ती वाढते, आणि तिचे ओझे अखेर कामगाराच्या खांद्यावर येते. खाजगी सौर उत्पादकाची वीज मात्र आधी घेण्याचे बंधन!

शेजारच्या राजनांदगावला केंद्राच्या सौर ऊर्जा महामंडळाने १०० मेगावॉटच्या प्रकल्पाला ४० मेगावॉटची, तीन तास पुरणारी बॅटरी जोडली. २०२४ साली त्याचे उद्घाटन झाले. सार्वजनिक क्षेत्राने हे करून दाखविले. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत केंद्रीय वीज प्राधिकरणाने नव्या सौर निविदांसाठी काय सुचविले? क्षमतेच्या किमान १० टक्के, दोन तासांची साठवण. तीही केवळ सल्ला म्हणून. राजनांदगावचे प्रमाण खाजगी उत्पादकांवर सक्तीचे का नसावे?