वऱ्हाडचा राहिलेला हिशेब

दिवाळी हा वहीपूजनाचा सण. तेव्हा फराळाच्या ताटाशेजारी एक जुना हिशेब मांडला, तर वाचकांनी रागावू नये.

संस्थानी वैभवाचे गोडवे गाण्याची अलीकडे पुन्हा टूम निघाली आहे. हैदराबादचा निजाम म्हणे जेकब हिरा कागदावर वजन म्हणून ठेवीत असे! 'काय ती दौलत!' म्हणून आमची माणसे माना डोलावतात. इतरांनी खुशाल डोलवाव्यात. यवतमाळच्या माणसाने डोलवावी, याचे मात्र मला नवल वाटते; कारण त्या दौलतीत आमच्या कापसाचा पैसा आहे.

वऱ्हाड मूळचे निजामाच्या राज्यातले. फौजेचा खर्च थकला म्हणून १८५३ साली ते इंग्रजांच्या हवाली झाले. १९०२ साली लॉर्ड कर्झनने मीर महबूब अली खानाकडून ते कायमच्या मक्त्याने घेतले. खंड ठरला सालीना २५ लाख रुपये. शेत मक्त्याने देताना माणूस निदान कुळाशी चार शब्द बोलतो. येथे सबंध मुलूख माणसांसकट मक्त्याने गेला, आणि वणी-दारव्ह्याच्या कुणब्याला कोणी 'काय रे बाबा?' म्हणूनही विचारले नाही. १९४७ पर्यंतच्या ४५ वर्षांचा हा खंड सव्वाअकरा कोटी होतो. त्यातले काही इंग्रजांनी जुन्या कर्जापोटी वळते करून घेतले, हे खरे. पण वळते झाले तेही रयतेच्या साऱ्यातूनच. शिवाय १९३६ साली निजामाच्या युवराजास 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. मुलूख इंग्रजांकडे, नाव युवराजाकडे आणि सारा भरणे आमच्याकडे!

कोणी म्हणेल, निजामाने उस्मानिया विद्यापीठ काढले, निजामसागर बांधला. मान्य. पण १९१८ साली निघालेल्या त्या विद्यापीठाची भाषा उर्दू. आणि संस्थानात चौघांत एक माणूस मराठी बोलणारा. मांजरा नदी मराठवाड्यातून वाहत जाते, पण निजामसागराचे पाणी मिळाले निजामाबादकडच्या शेतांना. वऱ्हाडच्या वाट्याला यातले काय आले?

'आपण तर इंग्रजी अमलात होतो, आपल्याला काय त्याचे?' असेही विचारणारे भेटतात. त्यांनी पैनगंगेचा पैलतीर आठवावा. उमरखेडहून हदगावकडे गेले की नाणे बदलून हाली सिक्का होई, करोडगिरीचा नाका आडवा येई, कचेरीतला कागद उर्दू होई. सभा भरवायची तर १९२९ च्या गश्ती ५३ प्रमाणे आधी परवानगी हवी. संस्थानची जवळजवळ तिसरा हिस्सा जमीन जहागिरदारांकडे. सर्फेखासची जमीन वेगळी, ती खुद्द निजामाची. वेठीला धरलेला माणूस दाद मागणार कोणाकडे? सप्टेंबर १९४८ मधली पोलीस कारवाई झाली, १९४९ साली जहागिरी रद्द झाल्या, तेव्हा कुठे पैलतीराने मोकळा श्वास घेतला. आमच्या किती लेकी त्या तीरावर दिलेल्या होत्या, आणि आम्ही म्हणतो आपल्याला काय त्याचे!

इंग्रज काही साव नव्हता. मुर्तिजापूर-यवतमाळची छोटी गाडी काही आमच्या यात्रांसाठी घातली गेली नव्हती. ती कापूस नेण्यासाठी होती. एकाने खंड घेतला, दुसऱ्याने कापूस नेला. दोघांचीही स्मारके उभी आहेत. ज्याने नांगर धरला त्याचे नाव कोठेच नाही.

१९४८ साली लंडनच्या बँकेत गेलेले निजामाचे सुमारे १० लाख पौंड वाढत साडेतीन कोटींवर पोचले. २०१९ साली तेथील न्यायालयाने ते भारत सरकार आणि निजामाचे वारस यांचे ठरवले. पैसा कोणाला मिळणार याची तेव्हा सर्वत्र चर्चा झाली. तो आला कोठून, हे कोणी विचारले नाही.

मला त्यात वाटा नको. मी शाळामास्तर, माझे मागणे लहान आहे. मुलांना सहलीला नेऊन हैदराबादचे महाल अवश्य दाखवा. कारागिरांचे कौतुकही करा. मात्र राजाच्या औदार्याच्या गोष्टी सांगण्यापूर्वी त्यांना २५ लाखांचा तो मक्ता सांगा, आणि तो कोणाच्या घामातून फिटत होता तेही सांगा. नाहीतर आपल्याच आजोबा-पणजोबांच्या पैशाने सजलेल्या दिवाणखान्यात उभे राहून आपली पोरे दुसऱ्याला मुजरा करतील.