केसपेपरवरचे अपुरे निदान

अंगावरून वारे गेले, लकवा मारला, अर्धांगवायू झाला, असे रुग्णाचे नातेवाईक सांगतात, आणि दवाखाना व रुग्णालय यांच्यात फिरणाऱ्या केसपेपरवर तीच घटना ‘सीव्हीए’ या तीन अक्षरांत उतरते. ‘सेरेब्रोव्हॅस्क्युलर ॲक्सिडेंट’ या संज्ञेचे हे लघुरूप असून मेंदूच्या रक्तवाहिन्यांत काही तरी बिघडले, यापेक्षा अधिक काही त्यातून कळत नाही. नातेवाइकांच्या शब्दांतूनही तेवढेच कळत होते. तापाच्या रुग्णाच्या केसपेपरवर नुसते ‘ताप’ लिहून कोणी वैद्यकीय व्यावसायिक थांबत नाही. तो हिवताप आहे, विषमज्वर आहे, डेंगी आहे की क्षय, याचा शोध तो घेतोच. पक्षाघाताच्या बाबतीत मात्र ‘सीव्हीए, बीपी, शुगर’ एवढी ओळ पुरेशी मानण्याची सवय जडली आहे. २९ ऑक्टोबरच्या जागतिक पक्षाघात दिनाच्या महिन्यात या सवयीचा विचार व्हायला हवा, कारण दुसरा झटका टाळण्याचा उपाय पहिल्या झटक्याच्या कारणावर अवलंबून असतो, आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्या कारणात घातक ठरू शकतो.

एकाच दिसणाऱ्या या व्याधीमागे किमान दोन वेगळ्या घटना असतात, हे ज्ञान नवे नाही. योहान याकोब वेप्फर या स्विस वैद्याने १६५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, झटक्याने मरण पावलेल्या रुग्णांच्या शवविच्छेदनाच्या आधारे, मेंदूतील रक्तस्रावाचा या आजाराशी असलेला संबंध दाखवला आणि मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांतील अडथळ्याचाही विचार मांडला. आजच्या भाषेत पहिला प्रकार रक्तस्रावी आणि दुसरा इस्केमिक, म्हणजे रक्तपुरवठा तुटल्यामुळे होणारा. पाश्चात्त्य देशांत सुमारे ८५ टक्के पक्षाघात इस्केमिक असतात, तर आशियाई देशांत रक्तस्रावाचे प्रमाण तुलनेने जास्त आढळते. नुसत्या तपासणीवरून हे दोन्ही खात्रीने वेगळे ओळखता येत नाहीत. उलटी, डोकेदुखी, झपाट्याने हरपणारी शुद्ध ही लक्षणे रक्तस्रावाकडे बोट दाखवतात, परंतु सिद्ध करत नाहीत. म्हणून सीटी स्कॅनपूर्वी ॲस्पिरिन देऊ नये, हा नियम शहरापासून दूर असलेल्या दवाखान्यातही पाळावाच लागतो. कॅप्सूल टोचून निफेडिपिनचे थेंब जिभेखाली सोडण्याची जुनी पद्धतही आता पूर्णपणे बंद व्हायला हवी, कारण रक्ताला आसुसलेल्या मेंदूच्या भागाला त्या क्षणी वाढलेल्या रक्तदाबाचाच आधार असतो आणि तो एकदम कोसळला तर वाचू शकणारा भागही मरतो.

दोन्ही प्रकारांत समान असलेले सर्वांत मोठे कारण म्हणजे उच्च रक्तदाब. मेंदूच्या मधल्या धमनीपासून खोल गाभ्याकडे जाणाऱ्या अत्यंत बारीक, एक मिलिमीटरहूनही कमी व्यासाच्या शाखा मोठ्या धमनीतून जवळजवळ काटकोनात फुटतात, त्यामुळे मोठ्या धमनीतला दाब मधल्या टप्प्यांवर कमी न होता थेट त्यांच्यावर आदळतो. वर्षानुवर्षे हा मारा सोसताना त्यांच्या भिंतीतील स्नायूंची जागा निर्जीव, काचेसारखा दिसणारा पदार्थ घेतो. मग कुठे आतली वाट बुजते आणि मेंदूत तळ्यासारखी छोटी पोकळी उरते, ज्याला लॅक्युनर इन्फार्क्ट म्हणतात, तर कुठे तीच भिंत फुटते आणि गाभ्यात रक्तस्राव होतो. एकाच दाबाने एकाच जातीच्या वाहिन्या बुजतातही आणि फुटतातही, हे लक्षात घेतले म्हणजे रक्तदाबाची गोळी ‘आता बरे वाटते’ म्हणून सोडणाऱ्या रुग्णाला नेमके काय समजवायचे ते स्पष्ट होते. ३२ देशांत झालेल्या आणि २०१६ मध्ये पूर्ण निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरस्ट्रोक’ या अभ्यासात, बदलता येण्यासारखे दहा घटक जगभरातील पक्षाघाताच्या सुमारे ९० टक्के भाराशी निगडित आढळले आणि त्यांत रक्तदाब अग्रस्थानी होता. रक्तस्रावाशी त्याचे नाते इस्केमिक प्रकारापेक्षाही घट्ट होते. धूम्रपान, मधुमेह, पोटाचा घेर, आहार, बैठी राहणी, मद्य, मानसिक ताण, रक्तातील मेदाचे प्रमाण आणि हृदयविकार हे उरलेले घटक सर्वांना पाठ असतात. महाराष्ट्रात मात्र तंबाखूविषयी विचारताना ‘सिगारेट ओढता का’ एवढ्यावर थांबून चालत नाही. मशेरी लावणारी स्त्री त्या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते, कारण मशेरीला ती तंबाखू समजतच नाही.

इस्केमिक पक्षाघाताच्या कारणांची जी विभागणी १९९३ पासून ‘टोस्ट’ या नावाने वापरली जाते, तिच्यात पाच गट आहेत: मोठ्या धमन्यांतील मेदाचे थर, हृदयातून वाहत आलेली गुठळी, बारीक वाहिन्यांचा आजार, इतर निश्चित कारण आणि अनिश्चित कारण. यांपैकी शेवटच्या गटात, कसून तपासूनही कारण न सापडलेले रुग्ण आणि तपासणीच अपुरी राहिलेले रुग्ण शेजारी शेजारी बसतात. पहिल्यांना वैद्यकशास्त्राची मर्यादा नडते, दुसऱ्यांना कोणी ईसीजी किंवा इकोसाठी पाठवलेले नसते, आणि आपल्याकडे हा दुसरा वर्ग कमी करणे पूर्णपणे व्यावसायिकांच्या हातात आहे. मोठ्या धमन्यांबाबतही एक फरक ध्यानात ठेवावा लागतो: पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांचा भर मानेतील कॅरोटिड धमनीवर असतो, परंतु आशियाई रुग्णांत कवटीच्या आतील धमन्या अरुंद होण्याचे प्रमाण अधिक आहे, त्यामुळे केवळ मानेचा डॉपलर चांगला आला म्हणून धमन्या निर्दोष ठरत नाहीत.

हृदयातून येणाऱ्या गुठळीविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. एट्रियल फिब्रिलेशन या विकारात हृदयाचे वरचे कप्पे लयीत आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात, रक्त तिथे साचते, गुठळी धरते आणि सुटून मेंदूकडे जाते. फ्रॅमिंगहॅम येथील दीर्घकालीन अभ्यासात हा विकार असलेल्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट, तर त्याच्या जोडीला संधिवाती तापाने खराब झालेली झडप असल्यास सतरापट आढळला होता. पाश्चात्त्य देशांत तो प्रामुख्याने उतारवयाचा आजार. आपल्याकडे मात्र लहानपणी घसा दुखून सांधे सुजले, पेनिसिलिनची इंजेक्शने काही वर्षांनी बंद पडली आणि तिशी-पस्तिशीत डाव्या बाजूच्या मिट्रल झडपेचे तोंड अरुंद झाले, असे रुग्ण अजूनही येतात. अशा रुग्णाची नाडी पंधरा सेकंद मोजून चारने गुणली तर आकडा मिळतो, परंतु अनियमितता निसटते. बोट पूर्ण एक मिनिट मनगटावर ठेवले की ती जाणवते, आणि त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

औषधाच्या बाबतीत येथे भाषाच आडवी येते. ॲस्पिरिन असो, क्लोपिडोग्रेल असो, वॉरफरिन असो वा असेनोकुमारॉल, रुग्णाच्या लेखी या सगळ्या ‘रक्त पातळ करण्याच्या गोळ्या’ असतात आणि डॉक्टरही तसेच सांगतात. पहिल्या दोन बिंबिकांना, म्हणजे प्लेटलेटना, एकत्र चिकटू देत नाहीत. शेवटच्या दोन रक्त गोठण्याच्या साखळीतील घटकांची निर्मिती कमी करतात. हृदयात साचलेल्या रक्ताच्या गुठळीपुढे ॲस्पिरिन तोकडी पडते, आणि तरीही ‘दोन्ही एकच’ अशा समजुतीने महागड्या रक्तचाचण्या मागणारी गोळी सोडून रुग्ण स्वस्त गोळीवर राहतो. नव्या गोठणरोधक औषधांना वारंवार चाचणी लागत नाही म्हणून संधिवाती झडपेच्या रुग्णांतही ती वापरण्याचा मोह होतो. परंतु अशा सुमारे साडेचार हजार रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत रिव्हॅरोक्सॅबॅनपेक्षा वॉरफरिनसारखी जुनी औषधेच सरस ठरली, मृत्यूही त्यांत कमी झाले. गोठण्याचा वेग दाखवणारा आयएनआर २ ते ३ यांच्या दरम्यान राखण्याचे कंटाळवाणे काम म्हणूनच टाळता येत नाही.

आतापर्यंतची सर्व चर्चा धमन्यांची झाली. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांत गुठळी होऊनही पक्षाघात होतो, आणि तो निसटण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. जगभरात हा प्रकार एकूण पक्षाघातांच्या जेमतेम एक टक्का असला तरी त्याचे रुग्ण बहुधा तरुण असतात आणि त्यांत स्त्रियांची संख्या अधिक असते. बाळंतपणातील रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून गरोदरपणाच्या अखेरीस रक्त स्वभावतःच अधिक गोठू लागते आणि ही प्रवृत्ती प्रसूतीनंतर सुमारे सहा आठवडे टिकते. नेमक्या याच काळात, म्हणजे सव्वा महिन्यात, अनेक घरांतून बाळंतिणीला पाणी बेताने दिले जाते, शेक-शेगडीच्या बंद खोलीत घाम निघत राहतो, आणि आधीच पांडुरोग असेल तर धोक्यात भर पडते. दिवसागणिक वाढणारी डोकेदुखी, उलट्या, धूसर नजर, मग एखादा झटका आणि एका हाताची किंवा पायाची दुर्बलता, असा हा क्रम असतो. तो कधी कण्यातल्या भुलीनंतरची डोकेदुखी समजून, कधी प्रसूतीनंतरचे आकडीचे दुखणे समजून सोडून दिला जातो. साधा सीटी स्कॅन निर्दोष दिसू शकतो, म्हणून शिरांचे चित्रण करणारा एमआर व्हेनोग्राम मागावा लागतो. शिरेची वाट बुजल्याने मागे तुंबलेले रक्त मेंदूत झिरपलेले दिसले तरीही या आजारात हेपॅरिन द्यावेच लागते, कारण मूळ दोष गुठळीचा आहे. रक्तस्राव दिसताच गोठणरोधक थांबवण्याचा नेहमीचा नियम येथे लागू होत नाही.

तरुण रुग्णांच्या इतर कारणांची यादी लांब आहे आणि ती प्रश्नांतूनच उलगडते. एका हाताची नाडी लागत नसेल तर महाधमनीच्या शाखांना सूज आणणारा ताकायासू आजार, केशकर्तनालयात मान कडकन मोडून घेतल्यानंतर चक्कर व तोल जाणे सुरू झाले असेल तर मानेतील धमनीच्या अस्तराला पडलेली चीर, आठवडाभराचा ताप व मानेची ताठरता असेल तर क्षयाचा मेंदूज्वर, शेतात घोणस चावली असेल तर तिच्या विषाने बिघडलेली रक्ताची गोठणप्रक्रिया, अशी ही कारणे शोधावी लागतात. आयुष्यातली सर्वांत भयंकर डोकेदुखी क्षणार्धात सुरू झाली, तर मेंदूच्या आवरणाखाली फुटलेला धमनीचा फुगा नाकारल्याशिवाय रुग्णाला घरी पाठवता येत नाही. वृद्धांत मेंदूच्या बाहेरच्या भागात पुन्हा पुन्हा रक्तस्राव होत असल्यास धमन्यांच्या भिंतीत साचणारे अमायलॉइड हे प्रथिन कारणीभूत असू शकते, आणि त्यांना ॲस्पिरिन देताना दोनदा विचार करावा लागतो.

केसपेपरवर एक ओळ अधिक लिहिणे म्हणजे ‘सीव्हीए’ऐवजी ‘इस्केमिक, हृदयातील गुठळी, मिट्रल झडप अरुंद, गोठणरोधक आजन्म’ किंवा ‘बाळंतपणानंतरची शिरांतील गुठळी, इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या वर्ज्य’ असे लिहिणे होय. तिची गरज काही वर्षांनी पडते. सव्वा महिन्यात पक्षाघात झालेली ती स्त्री पूर्ण बरी होऊन चालू-फिरू लागलेली असते, तिच्या आजाराची जुनी फाइल दुसऱ्या गावी राहिलेली असते, आणि घरच्या लग्नकार्यासाठी पाळी पुढे ढकलण्याची किंवा दोन मुलांत अंतर ठेवण्याची गोळी मागायला ती एखाद्या नव्या दवाखान्याच्या बाकावर येऊन बसते. समोरच्या डॉक्टरांच्या हातात तेव्हा असतो तो फक्त तिच्या पिशवीतला केसपेपर.