एकत्र वाचा, पण विलीन करू नका

लेमी हे एकमेकांशी जोडलेल्या स्वतंत्र सर्व्हरांवर चालणारे चर्चामंचांचे जाळे. त्यात 'टेक्नॉलॉजी' नावाचा समुदाय लेमी डॉट वर्ल्ड या सर्व्हरवर आहे, लेमी डॉट एमएलवर आहे आणि बीहॉवरही आहे. मोठी बातमी आली की तिन्हीकडे तीच लिंक पडते. वाचकाला बातमी तीनदा दिसते, चर्चा मात्र तीन जागी विखुरते. यावर एक उपाय हिरिरीने मांडला जातो: सर्वांत मोठा समुदाय ठेवा, बाकीच्यांना कुलूप लावा.

हा आग्रह निराधार नाही. जून २०२३ मध्ये रेडिट या चर्चास्थळाने बाहेरच्या अ‍ॅपांवर लावलेल्या एपीआय-शुल्कावर चिडून अनेक जण लेमीवर आले. एका नावाची एकच जागा, ही त्यांची सवय. शिवाय छोट्या विषयाला माणसेच जमली नाहीत तर तिथे बोलणार कोण? दुखणे खरे आहे, औषध चुकीचे आहे.

नाव एक असले म्हणून समुदाय एक होत नाही. बीहॉवर खाते उघडायला अर्ज करावा लागतो आणि नापसंतीचे मत देण्याची सोयच नाही. लेमी डॉट वर्ल्डने नोंदणी खुली ठेवली होती. त्याच जूनमध्ये बीहॉने लेमी डॉट वर्ल्डशी संबंध तोडला, कारण खुल्या नोंदणीतून येणारा उपद्रव आवरण्याइतके मनुष्यबळ आणि साधने त्यांच्याकडे नव्हती. या दोन सर्व्हरांवरचे समुदाय विलीन केले तर नियम कोणाचे चालणार? जो मोठा, त्याचे. दुसरे असे की सर्व्हर माणसे चालवतात आणि माणसे थकतात. याच जाळ्यातला केबिन डॉट सोशल हा सर्व्हर २०२४ मध्ये बंद पडला, लेम डॉट ईई जून २०२५ अखेर थांबला. सगळा विषय एकाच सर्व्हरवर नेला असेल, तर त्या दिवशी तो विषयच उघड्यावर पडतो.

याउलट, 'विखुरलेपण हाच या जाळ्याचा स्वभाव, काही करू नका' म्हणणारेही चुकतात. नवखा माणूस यादीत सर्वांत वर दिसणारा समुदाय निवडतो. मोठा आणखी मोठा होतो, लहान न सापडताच संपतो. काहीच न करणे म्हणजे तेच विलीनीकरण, फक्त कोणी न ठरवता झालेले.

खरा मार्ग वाचनाच्या पातळीवर गट बांधण्याचा आहे. यूजनेट या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यावर एकच लेख अनेक गटांत टाकता येई, तरी सर्व्हरवर तो एकदाच साठवला जाई. आज लेमीशी जोडल्या जाणाऱ्या पायफेड या सॉफ्टवेअरमध्ये अनेक समुदायांची एक 'फीड' करून वाचता येते. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. २०१८ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने मान्य केलेल्या अ‍ॅक्टिव्हिटीपब या सर्व्हरांना जोडणाऱ्या मानकानुसार, आपण ज्या समुदायांचे सदस्य आहोत त्यांच्या पोस्ट आपल्या सर्व्हरवर येतच असतात. प्रश्न फक्त त्या मांडण्याचा आहे.

ही मांडणी कशी हवी? एक लिंक एकदाच दिसावी. तिच्याखाली प्रत्येक समुदायाची चर्चा स्वतंत्र, आपापल्या नावानिशी असावी. आपण दिलेले उत्तर त्याच समुदायात जावे आणि तिथल्याच मॉडरेटरांचा नियम त्याला लागू व्हावा. गटाची यादी कोणालाही करता यावी, इतरांना देता यावी, दुसऱ्याची यादी आपल्यापुरती बदलता यावी. सर्व्हरचालकाने एकच यादी सर्वांवर लादणे हेही विलीनीकरणाचेच दुसरे रूप होईल.

निवड वाचकाची आणि कारभार समुदायाचा, एवढी वाटणी पाळली तर लहान समुदाय लोकांना सापडतील आणि स्वतःच्या नियमांनी टिकतील. लेमी, पायफेड आणि त्यांच्याच प्रकारचे एमबिन घडवणाऱ्यांनी ही सोय वरची भर म्हणून नव्हे, पायाभूत गरज म्हणून हाती घ्यावी.