उपशाच्या पाण्याचा दर आणि न्याय

2012 च्या राष्ट्रीय जलनीतीने पाण्याचे मोल ठरवताना समन्याय, कार्यक्षमता आणि खर्चवसुली यांचा मेळ घालण्याची अपेक्षा ठेवली असली, तरी त्या तत्त्वाची खरी कसोटी सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या दुष्काळी पूर्व भागात लागते. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा सिंचन योजना, म्हणजे नदीचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने उंचावर नेणाऱ्या योजना, कृष्णेचे पाणी कडेगाव, आटपाडी, जतपर्यंत पोहोचवतात. मात्र पंपांच्या वीजबिलापैकी 81 टक्के शासनाने आणि 19 टक्के लाभधारकांनी सोसावे, असे सूत्र स्वीकारूनही वसुलीचा प्रश्न प्रत्येक आवर्तनाला, म्हणजे पाणी सोडण्याच्या प्रत्येक पाळीला, नव्याने उभा राहतो. ऊसबिलातून पाणीपट्टी कापता येते. ज्वारी-बाजरीच्या शेतकऱ्याचे तसे नाही.

राज्यात 2005 साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आणि शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा असे दोन कायदे झाले. घनमापनाने, म्हणजे मोजून, पाणी घेणारी पाणी वापर संस्था हा त्यांतील दुवा होय. आटपाडीच्या पाणी परिषदांनी 1993 पासून लावून धरलेली समन्यायी वाटपाची मागणी या चौकटीत कितपत बसते, याचा शोध प्रस्तुत अंक चारीच्या शेवटच्या टोकावरील शेतापासून घेतो. दर परवडणारा हवा, त्याचबरोबर पाणी वेळेवर आणि मोजून मिळायला हवे, अशी संपादक मंडळाची ठाम धारणा आहे. पाणी वापर संस्थांचे पदाधिकारी, अभियंते आणि शेतकरी वाचकांनी आपले अनुभव, हिशेब आणि मतभेद अवश्य कळवावेत.